बेडक्याची डबी आणि गल्लीतले डॉक्टर

मुंबईत टीबीचा खोकला आधी गल्लीतल्या डॉक्टरांकडे जातो. पालिकेच्या दवाखान्यात तो येतो महिना-दीड महिन्याने, आणि येताना बरोबर प्लास्टिकची पिशवी असते. त्यात घडी पडलेला एक्स-रे, दोन-तीन लेटरहेडवरच्या चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट आणि नेमक्या नावावरच कापलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या.

लोक आधी आमच्याकडे का येत नाहीत यावर शिबिरांमधून बरीच भाषणं होतात. उत्तर घड्याळात आहे. गोवंडीत जरीकाम करणारा किंवा अंधेरीत वॉचमनची ड्युटी करणारा माणूस सकाळी दहाला दवाखान्याच्या रांगेत उभा राहिला की त्याचा रोज बुडतो. गल्लीतले डॉक्टर रात्री साडेदहा-अकरापर्यंत बसतात, घरातल्या सगळ्यांना नावाने ओळखतात, पैसे पुढच्या आठवड्यात दिले तरी चालतं. 2022 च्या अखेरीस सुरू झालेले ‘आपला दवाखाना’ रात्री दहापर्यंत उघडे असतात, त्याने थोडा फरक पडला. पण वर्षानुवर्षांचे फॅमिली डॉक्टर नुसत्या सोयीच्या वेळेसाठी कुणी बदलत नाही. तेव्हा खासगी डॉक्टरांना बाजूला ठेवून काम होईल हा विचार सोडलेलाच बरा. टीबीच्या बाबतीत तर सरकारनेच दोघांना एकत्र बांधून टाकलं आहे. 2012 पासून प्रत्येक खासगी डॉक्टर, लॅब आणि हॉस्पिटलला टीबीची केस कळवावी लागते. 2014 पासून ही औषधं शेड्यूल एच-1 मध्ये आहेत, म्हणजे केमिस्टने पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव रजिस्टरमध्ये लिहूनच ती विकायची. 2018 च्या राजपत्राने केमिस्टवरही केस कळवण्याची जबाबदारी टाकली.

पुढचं सगळं दवाखान्याच्या टेबलामागून लिहिलेलं आहे. खासगीकडून केस आमच्याकडे कशी येते, पुन्हा तिकडे कशी जाते आणि मध्ये कुठे-कुठे अडकते, एवढाच विषय.

पिशवी उघडली की आधी तारखा बघायच्या. खोकला किती दिवस, असं विचारलं तर प्रत्येक जण ‘पंधरा-वीस दिवस’ म्हणतो. पहिल्या चिठ्ठीवरची तारीख खरं काय ते सांगते. मग चिठ्ठ्यांमध्ये लिव्होफ्लॉक्सासिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिन शोधायचं. ही अँटिबायोटिकं टीबीच्या जंतूंवरही चालतात. पाच-सात दिवसांच्या कोर्सने ताप उतरतो, खोकला कमी होतो, डॉक्टर खूश, पेशंट खूश. जंतू मात्र मरत नाहीत, नुसते दबतात. तपासणीत सापडायला अवघड होतात आणि निदान काही आठवडे पुढे जातं. शिवाय रेझिस्टंट, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा टीबी निघाला तर हीच औषधं लागतात, ती आधीच निम्मी वापरून झालेली असतात. दोन आठवड्यांच्या पुढे गेलेल्या खोकल्याला हे औषध देण्याआधी बेडका तपासून घ्या, एवढी एक विनंती प्रत्येक डॉक्टरांना करावीशी वाटते. तिसरी शोधायची गोष्ट म्हणजे स्टेरॉइड. नाव नसलेल्या पुडीत बारीक पांढरी गोळी असेल आणि ‘ती घेतली की भूक लागते, बरं वाटतं’ असं पेशंट सांगत असेल तर संशय धरायचा. चौथी, टीबीच्या गोळ्या आधीच सुरू होऊन गेल्या आहेत का. कधी सुरू झाल्या, किती दिवस घेतल्या, मध्ये किती खंड पडला? सलग महिनाभर किंवा त्याहून जास्त खंड पडला असेल तर ती नवी केस धरत नाहीत. बेडका पुन्हा तपासायचा, रेझिस्टन्स पुन्हा पाहायचा.

हे विचारताना आवाज चढवायचा नाही. ‘आधीच का नाही आलात?’ असं एकदा म्हटलं की पुढच्या वेळी पिशवी घरीच राहते.

आता बेडका. निम्मे नमुने इथेच वाया जातात असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही, कारण डबीत लाळ येते. चूळ भरायची, खोल श्वास दोन-तीनदा घ्यायचा, छातीतून खोकून आलेला घट्ट बेडका डबीत टाकायचा. दोन ते पाच मिली लागतो, म्हणजे डबीचा तळ नीट झाकला गेला पाहिजे. एक नमुना तिथल्या तिथे आणि दुसरा दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर, काही खाण्याआधी. जागा मोकळी हवी. दहा बाय दहाच्या खोलीत किंवा चाळीच्या सामायिक संडासात हे करायचं नाही. गच्चीवर जायचं, नाहीतर दवाखान्याच्या बाहेर उघड्यावर. डबीच्या झाकणावर नाव लिहू नका, बाजूवर लिहा, झाकणं बदलतात. नमुना त्याच दिवशी पोहोचवायचा. संध्याकाळी घेतलेली डबी रात्रभर टेबलावर ठेवून सकाळी पाठवणं हा उन्हाळ्यातला नेहमीचा घोटाळा.

खासगी डॉक्टरांच्या पेशंटचा बेडकाही आमच्याकडे मोफत तपासला जातो. त्यासाठी पेशंटने आमच्याकडे उपचार घ्यायलाच हवेत असं नाही, आणि हे बऱ्याच डॉक्टरांना अजून माहीत नसतं. म्हणून ते तीन-चार हजारांच्या रक्ततपासण्या लिहून देतात. रक्तातली टीबीची अँटिबॉडी टेस्ट तर भारतात 2012 पासून बंदच आहे, तिचा जुना रिपोर्ट अजून एखाद्या पिशवीतून निघतो. बेडक्यावर सीबीनॅट किंवा ट्रूनॅट, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी मशीनची तपासणी केली की दोन गोष्टी एकदम कळतात: टीबी आहे का, आणि रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडणार का. सीबीनॅटचं मशीन दोनेक तासांत उत्तर देतं. नमुना पोहोचणं आणि मशीनपुढची रांग धरून रिपोर्ट हातात यायला एक-दोन दिवस लागतात. माणूस अगदीच आजारी नसेल तर तेवढं थांबायचं. गोळ्या सुरू करून मग तपासायला पाठवलेला बेडका कमी बोलतो.

फुप्फुसाबाहेरच्या टीबीत सगळ्यात मोठं नुकसान एका बाटलीने होतं. मानेतली गाठ खासगी सर्जन काढतात, अख्खी गाठ फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या रसायनात, बुडवून पॅथॉलॉजीला पाठवतात. रिपोर्ट येतो: ग्रॅन्युलोमा आहे, टीबी असावा. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, त्यामुळे कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहणं, होत नाही, सीबीनॅट-ट्रूनॅटलाही तो तुकडा नीट चालत नाही, आणि रेझिस्टन्स कळायचा मार्ग बंद. गाठ तर गेलेली, पुन्हा आणणार कुठून? उपाय फुकटचा आहे: अर्धी गाठ फॉर्मॅलिनमध्ये, अर्धी साध्या नॉर्मल सलाइनच्या बाटलीत. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटच्या नातेवाइकाने सर्जनला हे एक वाक्य सांगितलं तरी पुरतं. आम्ही चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून देतो, ‘अर्धा नमुना सलाइनमध्ये’, म्हणजे नातेवाइकाला डॉक्टरांसमोर अवघडल्यासारखं होत नाही. पाठीच्या मणक्यातून किंवा छातीतून काढलेल्या पू-पाण्याचंही तसंच.

टीबी ठरला की एचआयव्ही आणि रक्तातली साखर तपासायची, वजन करायचं. मग खरा प्रश्न येतो: पेशंट कुणाचा?

पेशंट खासगीतच राहू शकतो. फॅमिली डॉक्टरांनी त्याची निक्षय या सरकारच्या टीबी नोंदणी पोर्टलवर नोंद करायची, सरकारी गोळ्या त्यांच्यामार्फत मोफत मिळू शकतात, सरकार पोषणासाठी देतं ते पैसेही खासगीतल्या पेशंटला तेवढेच मिळतात. 2014 मध्ये मुंबईत खासगी डॉक्टरांच्या पेशंटना मोफत तपासणी आणि औषधांची व्हाउचर देण्याचा प्रयोग सुरू झाला होता, आताची व्यवस्था त्याच वाटेने आलेली आहे. केस कळवल्याबद्दल डॉक्टरांना 500 रुपये आणि उपचार पूर्ण होऊन निकाल कळवल्यावर आणखी 500 मिळतात. किंवा पेशंट टीबीपुरता आमच्याकडे येऊ शकतो आणि बाकी सगळ्यासाठी त्याचे डॉक्टर तेच राहतात. दोन्ही चालतं. चालत नाही ते हे की टीबीच्या गोळ्या दोघांनीही लिहायच्या. टीबीच्या गोळ्यांचा मालक एकच डॉक्टर असला पाहिजे, आणि तो कोण हे पहिल्या दिवशी पेशंटसमोर ठरलं पाहिजे. यावर आम्ही हट्टी आहोत. हट्टाला कारण आहे. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबईतल्या झोपडपट्ट्यांत प्रॅक्टिस करणाऱ्या 100 खासगी डॉक्टरांनी टीबीसाठी 80 वेगवेगळ्या प्रकारे उपचार लिहून दिले होते. आज परिस्थिती तेवढी वाईट नाही, पण वजन न करता लिहिलेली चिठ्ठी अजून रोज दिसते.

वजनावर सगळं आहे. मोठ्यांच्या सरकारी गोळीत चार औषधं एकत्र असतात: आयसोनियाझिड 75, रिफॅम्पिसिन 150, पायराझिनामाइड 400 आणि इथॅम्ब्युटॉल 275 मिलिग्रॅम. 25 ते 34 किलोला रोज 2 गोळ्या, 35 ते 49 ला 3, 50 ते 64 ला 4, 65 ते 75 ला 5, त्यापुढे 6. पहिले दोन महिने ही गोळी, 56 डोस. पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन औषधांची, 112 डोस. बाजारातल्या तयार किटमध्ये पुष्कळदा रिफॅम्पिसिन 450 मिलिग्रॅमचं असतं. 60 किलोच्या माणसाला 600 लागतं. असा माणूस रोज नियमाने किट घेतो, एकही दिवस चुकवत नाही, आणि तरी त्याला औषध कमीच पडतं. खासगीकडून केस आली की आम्ही झालेले दिवस मोजतो तसा हा डोसही मोजतो. दिवस पूर्ण आणि डोस योग्य असेल तर राहिलेले डोस पुढे चालू, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नाही. हे पेशंटला लगेच सांगायचं, कारण ‘सरकारीत गेलं की परत सहा महिने’ ही अफवा सगळीकडे आहे.

गोळ्यांबरोबर पहिल्याच दिवशी सांगायच्या गोष्टी थोड्या, पण त्या राहिल्या तर पेशंट रात्री गल्लीतल्या डॉक्टरांकडे धावतो. लघवी केशरी होईल, घामालाही रंग येईल. ती कावीळ नाही. हे न सांगितल्यामुळे पहिल्या आठवड्यात बंद झालेले कोर्स बरेच आहेत. डोळे पिवळे होणं, सतत उलट्या, जेवणावरची वासना उडणं, हे मात्र खरं धोक्याचं: गोळ्या थांबवायच्या आणि त्याच दिवशी यायचं. सांधे दुखले तर ते बहुधा पायराझिनामाइडमुळे. बाहेर युरिक अॅसिड तपासलं जातं, ते वाढलेलं निघतं आणि गाऊटची गोळी सुरू होते; बहुतेकांचं साध्या वेदनाशामकावर भागतं. दिसण्यात फरक पडला, विशेषतः लाल-हिरवा रंग ओळखेनासा झाला, तर इथॅम्ब्युटॉल थांबवून डोळे तपासायला हवेत. गर्भनिरोधक गोळ्या रिफॅम्पिसिनमुळे निकामी होतात. हे बायकांना आम्ही आधी सांगतो, कारण त्या गोळ्या कुणी दिल्यात हे चिठ्ठीत कधीच नसतं.

निक्षयची नोंद कागदावर सोपी दिसते: नाव, वय, पत्ता, मोबाइल, टीबी कुठला, निदान कशावरून, उपचार कधी सुरू. अडचणी तीन ठिकाणी येतात. लॅब एक नोंद करते, डॉक्टर दुसरी, आणि एकाच माणसाचे दोन आयडी होतात. पैसे एकावर अडकतात, गोळ्या दुसऱ्यावर निघतात. म्हणून नवी नोंद करण्याआधी मोबाइल नंबरवरून शोधायचं. दुसरी अडचण बँकेची. पोषणाचे पैसे नोव्हेंबर 2024 पासून महिना 1000 रुपये झाले, आधी 500 होते. खातं वर्षानुवर्षं न वापरल्याने बंद पडलेलं असतं किंवा आधारवरचं आणि पासबुकातलं नाव जुळत नाही. पेशंटने पहिल्याच आठवड्यात बँकेत जाऊन शंभर रुपये भरून काढून पाहावेत, खातं जिवंत आहे का ते कळतं.

तिसरी पत्त्याची, आणि ती जास्त नाजूक. केस नोंदली की आरोग्यसेविका घरी जाते, घरातल्यांची तपासणी होते, पाच वर्षांखालची मुलं असतील तर त्यांना टीबी नाही याची खात्री करून प्रतिबंधक औषध दिलं जातं. चाळीत मात्र दारात सरकारी माणूस आला की पाच मिनिटांत मजल्यावर कळतं. घरमालकाला कळेल, मुलीचं लग्न ठरायचंय, म्हणून लोक चुकीचा पत्ता देतात. खासगी डॉक्टरही ओळखीच्या कुटुंबासाठी केस कळवायची टाळतात, त्याचं खरं कारण अनेकदा हेच. म्हणून आम्ही आधी फोन करतो, घरी येऊ की सगळे दवाखान्यात येता, ते विचारतो. ताईंनाही टीबी हा शब्द दारात उच्चारायचा नाही असं सांगितलेलं असतं.

गणपती आणि मे महिना हे कोर्स तुटण्याचे दिवस. पेशंट कोकणात किंवा घाटावर गावी जातो, आठवड्याचे पंधरा दिवस होतात. जाण्याआधी सांगितलं तर महिन्याच्या गोळ्या बरोबर देता येतात आणि मुक्काम लांबणार असेल तर निक्षयवर केस गावाजवळच्या केंद्राकडे वळवता येते. न सांगता गेलेला माणूस तिथल्या केमिस्टकडून काहीतरी आणतो.

रेझिस्टंट टीबी निघाला तर फॅमिली डॉक्टरांनी गोळ्यांना हातच लावू नये, हे स्पष्ट लिहिलेलं बरं. बिघडत चाललेल्या कोर्समध्ये एकेक औषध वाढवत जाणं हा रेझिस्टन्स वाढवण्याचा खात्रीचा मार्ग. डिसेंबर 2011 मध्ये माहीमच्या हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी तपासलेल्या सगळ्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली तेव्हा जगभर खळबळ झाली. त्यातल्या तिघांना आधी वेगवेगळ्या खासगी डॉक्टरांनी अशीच सुटी-सुटी औषधं दिलेली होती. आता बेडाक्विलिनसारखी औषधं सरकारी टीबी कार्यक्रमातून मोफत मिळतात, 2024 मध्ये बीपाल्म या चार औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचारालाही मान्यता मिळाली. त्याबरोबर वेळोवेळी ईसीजी आणि रक्ततपासण्या लागतात. फॅमिली डॉक्टरांचं काम तिथे निराळं आणि मोलाचं आहे: उलट्या, निराशा, हातापायांच्या मुंग्या, घरातली भांडणं. हे सगळं पेशंट आम्हाला सांगत नाही, त्यांना सांगतो.

पेशंट परत खासगीकडे जाताना आम्ही केस पेपरच्या मागे चार ओळी लिहितो. निक्षय आयडी. निदान कशावरून, रिफॅम्पिसिन लागू आहे की नाही. वजन, रोजच्या गोळ्या किती, सुरू झाल्याची तारीख. आणि शेवटची ओळ: ‘रिफॅम्पिसिन चालू आहे, शुगर, बीपी आपण पाहावे, टीबीच्या गोळ्या बदलू नयेत.’ पेशंटच्या परवानगीने त्याचाच फोटो डॉक्टरांच्या व्हॉट्सअॅपवर. लांबलचक रेफरल पत्र कुणी वाचत नाही, चार ओळी वाचतात.

ती शेवटची ओळ का, तर साखर. रिफॅम्पिसिन यकृताचं काम वाढवतं आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या शरीरातून लवकर निघून जातात. टीबीचे उपचार चालू आहेत हे फॅमिली डॉक्टरांना माहीत नसेल तर त्यांना दिसते फक्त वाढलेली साखर. पेशंट पथ्य पाळत नाही असं समजून ते डोस वाढवतात, मग आणखी वाढवतात. अशा पेशंटना इन्सुलिनवर नेणं अनेकदा सोपं पडतं. सहा महिन्यांनी कोर्स संपतो, रिफॅम्पिसिनचा परिणाम साधारण दोन आठवड्यांत ओसरतो आणि वाढवलेला डोस तसाच चालू असतो. घाम, थरथर, पहाटे घरात चक्कर येऊन पडणं. त्यामुळे टीबीची शेवटची पट्टी देतानाच फॅमिली डॉक्टरांसाठी एक नवी चिठ्ठी द्यायची: रिफॅम्पिसिन अमुक तारखेला बंद, पुढचे तीन आठवडे उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर आठवड्याला पाहावी, शुगरच्या गोळ्यांचा डोस पूर्वीइतका कमी करण्याचा विचार व्हावा.